बचत गटाचं कर्ज, कंपनीचं कर्ज

कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर किंवा शिरोळ तालुक्यातली एखादी बाई चटणी कांडून विकते. मिरची हंगामातच स्वस्त मिळते, आणि नेमके तेव्हाच हातात पैसे नसतात. तारण ठेवायला सातबाऱ्यावर तिचं नाव नाही. अशा वेळी उपयोगी पडतो तो बचत गट.

दहा ते वीस बायका दर आठवड्याला किंवा महिन्याला ठरलेली रक्कम जमवतात आणि त्यातूनच एकमेकींना कर्ज देतात. हिशेब चोख असला की बँकही गटाला विनातारण कर्ज देते. नाबार्डने ही जोडणी १९९२ मध्ये सुरू केली. कोल्हापुरात कांचनताई परुळेकरांच्या ‘स्वयंसिद्धा’ संस्थेने कर्जाआधी कौशल्य आणि बाजार शिकवण्यावर भर दिला. माझ्या मते खरं मर्म तिथेच आहे.

व्याज समजून घ्या. दहा हजार रुपये, दरमहा २ टक्के, दहा हप्ते. उरलेल्या मुदलावर आकारलं तर एकूण व्याज ११०० रुपये. मूळ रकमेवर सरसकट आकारलं तर २०००. दर तोच, बरं का!

खासगी मायक्रोफायनान्स कंपन्या दारात येऊन झटपट कर्ज देतात. पण २०१९च्या महापुरात माल भिजला, तरी हप्ता थांबत नव्हता. रिझर्व्ह बँकेच्या २०२२च्या नियमांनुसार कुटुंबाचे सगळे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत, आणि मुदतीआधी फेडल्यास दंड नाही. सही करण्याआधी व्याजदराचा कागद मागून घ्या.