स्पिनोझाचा देव

घरांत एखादें अघटित घडलें, म्हणजे वडील माणसांच्या तोंडून एकच उद्गार निघतो : "देवानें असें कां केलें?" ह्या प्रश्नाचें उत्तर कोणी पूर्वकर्मांत शोधतो, तर कोणी ईश्वरेच्छा म्हणून स्वस्थ बसतो. परंतु सतराव्या शतकांत हॉलंड देशांत एक असा तत्त्ववेत्ता होऊन गेला, कीं त्यानें हा प्रश्नच चुकीचा ठरविला. देव कोणताहि हेतु मनांत धरून कांहीं करीत नाहीं, असें तो म्हणे. आणि देवावांचून जगांत दुसरें कांहींच नाहीं, असेंहि तोच म्हणे. ह्या विलक्षण पुरुषाचें नांव बारूख स्पिनोझा.

स्पिनोझाचा जन्म ता. २४ नोव्हेंबर १६३२ रोजीं ॲम्स्टरडॅम येथें झाला. त्याचे पूर्वज पोर्तुगालमधील धर्मछळामुळें देशोधडीस लागलेले ज्यू होते. बालपणीं त्यानें ज्यू धर्मग्रंथांचें अध्ययन केलें. पुढें लॅटिन भाषा व फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त ह्याचे ग्रंथ त्याच्या वाचनांत आले. त्याचीं मतें समाजास सहन होईनात. ता. २७ जुलै १६५६ रोजीं, तो अवघा २३ वर्षांचा असतांना, त्याच्यावर बहिष्कार पुकारण्यांत आला. त्याच्याशीं कोणीं संबंध ठेवूं नये, त्याच्यासह एका छपराखालीं राहूं नये, त्यानें लिहिलेलें वाचूं नये, असा तो निर्बंध होता. ग्रामण्याच्या गोष्टी ज्यांनीं घरांतील वृद्धांच्या तोंडून ऐकल्या आहेत, त्यांस ह्या शिक्षेची धार निराळी सांगावयास नको.

पुढें भिंगें घांसण्याचा धंदा व मित्रांचें थोडेंबहुत साहाय्य ह्यांवर त्यानें साधेपणानें दिवस काढले. १६७३ सालीं जर्मनींतील हायडेलबर्ग विद्यापीठांत त्यास अध्यापकाची जागा देऊं करण्यांत आली. विचारस्वातंत्र्य मिळेल, मात्र प्रस्थापित धर्मास धक्का लागूं नये, अशी अपेक्षा होती. त्या स्वातंत्र्याची सीमा कोठें, हें आपणांस उमगत नाहीं, असें कळवून त्यानें ती नम्रपणें नाकारली. ता. २१ फेब्रुवारी १६७७ रोजीं हेग येथें, वयाचीं ४४ वर्षें पुरीं झालेलीं असतां, तो निवर्तला. 'नीतिशास्त्र' हा त्याचा मुख्य ग्रंथ त्याच वर्षीं त्याच्या मित्रांनीं छापून काढला. व्याख्या, स्वयंसिद्ध तत्त्वें, सिद्धांत व उपपत्ति अशी भूमितीच्या पुस्तकासारखी त्याची रचना आहे.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. देकार्तानें मन व शरीर हीं दोन स्वतंत्र द्रव्यें मानलीं होतीं. मग मनांत आलें कीं हात कसा उचलतो, ही अडचण त्यास सुटेना. मेंदूंतील एका लहानशा ग्रंथींत ह्या दोहोंची गांठ पडते, असें त्यानें कसेंबसें उत्तर दिलें. स्पिनोझानें अडचणीचें मूळच उपटलें. जें स्वतःच्या आधारें असतें, आणि ज्याच्या ज्ञानास दुसऱ्या कशाची अपेक्षा लागत नाहीं, तें द्रव्य. अशी वस्तु एकच असूं शकते, व ती अनंत आहे. तिलाच देव म्हणा, वा निसर्ग म्हणा. तिचे धर्मही अनंत आहेत. परंतु त्यांपैकीं विचार व विस्तार हे दोनच मनुष्यास कळतात. मन व शरीर ह्या दोन वस्तु नव्हेत. एकच वस्तु ह्या दोन बाजूंनीं दिसते. वर्तुळ आणि वर्तुळाची कल्पना ह्यांचें जें नातें, तेंच शरीराचें व मनाचें. आपण सर्व, झाडें, दगड, तारे, हे त्या एका द्रव्याचे आविष्कार होत.

हें वाचून सुवर्ण व अलंकार ह्यांचा दृष्टांत आमच्या वाचकांस खचित आठवला असेल. साम्य आहे, परंतु तें फार ताणूं नये. शांकर मतांत नामरूपाचा पसारा मिथ्या. स्पिनोझाच्या मतें तो पुरता खरा, आणि त्यांतील प्रत्येक गोष्ट नियमबद्ध आहे. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोन होते, ती त्रिकोणाच्या मर्जीनें नव्हे. त्याचप्रमाणें देवाच्या स्वरूपांतून सारें जग अपरिहार्यपणें निष्पन्न होतें.

येथेंच हेतूचा प्रश्न निकालांत निघतो. स्पिनोझानें एक उदाहरण दिलें आहे. छपरावरून दगड पडून एक मनुष्य मेला. वारा सुटला होता व तो त्या वाटेनें जात होता, असें सांगितलें, तर लोक विचारतात, वारा तेव्हांच कां सुटला? तो तेव्हांच कां गेला? असें कारणामागून कारण विचारीत, अखेर ते ईश्वरेच्छेच्या आश्रयास जातात. हा आश्रय म्हणजे अज्ञानाचें माहेरघर, असा त्याचा अभिप्राय आहे.

मग मनुष्याच्या इच्छास्वातंत्र्याचें काय? फेंकलेल्या दगडास वाचा असती, तर मी आपखुशीनें उडत आहें, असें तोहि म्हणाला असता, असें स्पिनोझा एका पत्रांत सुचवितो. आपणांस आपल्या इच्छा ठाऊक असतात, त्यांचीं कारणें ठाऊक नसतात, एवढेंच. तथापि ह्यांतून त्यानें निराशा काढली नाहीं. वाटेंतील धोंड्यास ठेंच लागली तर आपण धोंड्याचा द्वेष करीत नाहीं. पण कोणीं पाय आडवा घातला, तर वर्षानुवर्षें विसरत नाहीं. पाय घालणाराहि कारणांनीं बांधलेला आहे, हें समजलें कीं द्वेषाची धार बोथट होते. विकार स्पष्टपणें समजला कीं तो आपला धनी राहत नाहीं. हीच त्याच्या मतें मुक्ति.

सर्वांत कठीण सिद्धांत पुढेंच आहे. जो देवावर खरें प्रेम करतो, तो देवानें आपल्यावर उलट प्रेम करावें, अशी अपेक्षा धरूं शकत नाहीं. पंढरीच्या विठ्ठलास माउली म्हणणाऱ्या आमच्या मनास हें वाक्य निष्ठुर वाटतें, आणि तें आम्ही लपवीत नाहीं. जिचें मूल गेलें, त्या मातेस त्रिकोणाचा दृष्टांत देऊन कोणाचे अश्रु पुसले जाणार? त्या घटकेस तिला शेजारीण हवी, तत्त्वज्ञ नको. परंतु पुढें महिने लोटल्यावर, 'माझ्याच कोणत्या पापाची ही शिक्षा?' हा कांटा तिच्या मनांत सलत राहतो. कोणी शिक्षा करीत नाहीं, कोणी रागावलें नाहीं, हें स्पिनोझा सांगतो. आणि तो कांटा काढण्याचें सामर्थ्य ह्या निष्ठुर दिसणाऱ्या विचारांत आहे, असें आम्हांस वाटतें.

१९२९ सालीं न्यूयॉर्कच्या एका ज्यू धर्मगुरूनें आइन्स्टाइन ह्यांस, तुम्ही देव मानतां काय, असें तारेनें विचारलें. विश्वाच्या सुसंगतींत प्रकट होणारा स्पिनोझाचा देव मी मानतों, माणसांच्या नशिबाची उठाठेव करणारा नव्हे, अशा आशयाचें त्यांचें उत्तर गेलें. ज्याचें लिहिलेलें कोणीं वाचूं नये असें एकदां फर्मान निघालें होतें, त्याचेंच नांव पावणेतीनशें वर्षांनीं एका ज्यू शास्त्रज्ञानें एका ज्यू धर्मगुरूस कळवावें, ह्यांत काळाचा न्याय दिसतो. स्पिनोझा मात्र ह्यासहि न्याय म्हणाला नसता. कारणें जुळलीं आणि तसें घडलें, इतकेंच तो म्हणाला असता.