क्वाइक : घरगुती बिअरचे सातत्य आणि एका शब्दाचा प्रवास

एखादा पदार्थ अमुक घरात ‘कायम असतो’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्या घरात नेमके काय कायम असते? दह्याचे उदाहरण घेऊ. काल लावलेले दही आज संपते. उद्याचे दही आज लावावे लागते. म्हणजे कायम असते ते दही नव्हे, विरजण होय. विरजण संपले तर घरात दूध कितीही असले तरी दह्याची परंपरा तुटते आणि शेजारी वाटी घेऊन जावे लागते. ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडलेली आहे, की तिच्यात काही शास्त्रीय प्रश्न दडला असेल असे सहसा मनात येत नाही.

हाच प्रश्न नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरील शेतकरी कुटुंबांनी घरगुती बिअरच्या बाबतीत कसा सोडविला आणि त्यांच्या बोलींनी त्या उपायाला कोणते नाव दिले, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विषय पेयाचा दिसत असला तरी तो भाषेच्या अभ्यासकालाही उपेक्षणीय नाही, असे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

१. टिकाऊपणाचे दोन मार्ग

बिअर म्हणजे मोड आणून वाळविलेल्या सातूचा गोड अर्क आंबवून केलेले पेय. मोड आणलेल्या व वाळविलेल्या धान्यास माल्ट म्हणतात. मोड येताना धान्यात जी विकरे तयार होतात, ती धान्य भरडून कढत पाण्यात भिजविले असता त्यातील पिष्टाची साखर करतात. आणि त्या साखरेचे मद्यार्कात व कर्बवायूत रूपांतर किण्व, म्हणजे यीस्ट, करते. साधे पेय फार टिकत नाही. मध्ययुगीन इंग्लंडात हॉपविरहित ‘एल’ काही दिवसांतच आंबट होई. म्हणून ते वरचेवर करावे लागे, आणि एका घरातील संपले की दुसऱ्या घरातून विकत आणावे लागे. खेडोपाडी एल करून विकणाऱ्या स्त्रियांचा व्यवसाय या नाशवंतपणावरच उभा होता.

यावर पहिला उपाय म्हणजे पेयच टिकाऊ करणे. हॉप या वेलीची फुले अर्कात उकळली असता पेयाला कडवटपणा येतो आणि ते बिघडविणाऱ्या अनेक जंतूंची वाढ खुंटते. कोर्बी येथील मठाचा प्रमुख आदालहार्ड याच्या ८२२ सालच्या नियमांत हॉपचा निर्देश आहे. बिंगेनची हिल्डेगार्ड हिने बाराव्या शतकात हॉपच्या कडवटपणामुळे पेये टिकतात असे नमूद केले. इंग्लंडात हॉपयुक्त पेय नेदरलँड्सकडून इ. स. १४०० च्या सुमारास आले आणि बराच काळ ‘बिअर’ हे नाव त्यालाच राखून ठेवण्यात आले. हॉपविरहित ते ‘एल’. पेय साठविता येऊ लागले, तसे ते दूरवर नेता येऊ लागले, आणि उत्पादन हळूहळू घरातून कारखान्याकडे गेले. या मार्गाने पुरवठा अखंड झाला, परंतु तो घराच्या हाती राहिला नाही.

दुसरा उपाय म्हणजे पेय नव्हे तर त्याचे बीज टिकविणे. नॉर्वेतील शेतघरांनी मुख्यतः हा मार्ग धरला. हॉप त्यांना अपरिचित होता असे नाही. पण त्यांची खरी चिंता किण्वाची होती.

२. शेतघरातील रीत

नॉर्वेत घरी बिअर करणे हा केवळ आवडीचा भाग नव्हता. अकराव्या-बाराव्या शतकांत लिपिबद्ध झालेल्या पश्चिम नॉर्वेच्या गुलातिंग विधिसंहितेत नाताळासाठी पेय करणे हे शेतकरी पतिपत्नींचे कर्तव्य मानले होते. ते चुकविणाऱ्यास दंड होई, आणि लागोपाठ तीन वर्षे चुकविणाऱ्याची मालमत्ता जप्त होण्याची तरतूद होती. नाताळाप्रमाणेच लग्न, बारसे, अंत्यविधी आणि गवतकापणीचा हंगाम हेही पेय करण्याचे प्रसंग होते. तेव्हा वर्षातून काही ठरावीक वेळी, आणि अचानक ओढवणाऱ्या प्रसंगी केव्हाही, चांगले किण्व हाताशी असणे ही प्रत्येक घराची गरज होती.

रीत साधारणपणे अशी. सातूची पोती वाहत्या पाण्यात भिजत ठेवावयाची, धान्यास मोड आणावयाचे, आणि ते भट्टीवर वाळवावयाचे. पुढे जुनिपरच्या डहाळ्या घालून उकळलेल्या पाण्यात माल्ट भिजवावयाचे, आणि डहाळ्यांच्याच थरातून अर्क गाळून घ्यावयाचा. काही भागांत हा अर्क न उकळताच आंबवितात. व्हॉस भागात तो कित्येक तास आटवितात. नंतर अर्क कोमट झाला की त्यात किण्व घालावयाचे. येथे ‘कोमट’ म्हणजे ३५ ते ४० अंश सेल्सिअस, अर्थात अंगाच्या उष्णतेइतके. कारखान्यातील एल सामान्यतः २० अंशांच्या आसपास आंबविले जाते हे लक्षात घेतले म्हणजे या रीतीचे वेगळेपण कळून येते. इतक्या उष्णतेत काम वेगाने होते. कित्येक ठिकाणी दोन दिवसांतच पेय पिंपात भरण्याजोगे होते. पिंप भरण्याच्या वेळी शेजाऱ्यांनी जमून नव्या पेयाची चव घेण्याचाही प्रघात आहे.

याच वेळी सर्वांत महत्त्वाचे काम उरकावयाचे असते, ते म्हणजे किण्व काढून ठेवण्याचे. कोठे ते वर आलेल्या फेसातून घेत, कोठे तळाच्या साक्यातून. ते वाळवून ठेवण्याची साधने मोठी कल्पक होती. लाकडाचे लहान लहान तुकडे एकमेकांत गुंफून केलेले कडे, गवताचे कडे, भोके पाडलेला ओंडका किंवा तागाचे कापड यांपैकी एखादे त्या लगद्यात बुडवीत आणि वाळवून धान्यकोठीत टांगून ठेवीत. अशा रीतीने वाळलेले किण्व वर्षभर, कधी त्याहूनही अधिक काळ, जिवंत राही. पुढच्या वेळी ते कडे थोड्या गोड अर्कात सोडले की फेस येऊ लागे. एखाद्या घरचे किण्व बिघडले तर शेजारच्या घरून आणीत. म्हणजे एका घरात तुटलेली साखळी गावात तुटत नसे. पुरवठ्याचे सातत्य हे एका घराचे नव्हे, तर सबंध पंचक्रोशीचे सातत्य होते.

३. शब्दाचे कुळ

या किण्वाला पश्चिम नॉर्वेच्या अनेक बोलींत ‘क्वाइक’ म्हणतात. प्राचीन नॉर्स भाषेत ‘क्विक्र’ म्हणजे जिवंत, आणि त्यापासून साधलेले ‘क्वेइक्या’ हे क्रियापद म्हणजे पेटविणे, चेतविणे. आइसलंडच्या आजच्या भाषेत याच कुळातील ‘क्वेइकुर’ हा शब्द दिव्याच्या वातीला आहे. इंग्रजीतील ‘क्विक’ या शब्दाचा मूळ अर्थही ‘शीघ्र’ हा नसून ‘जिवंत’ हाच होता.

या शब्दाचे मूळ भारोपीय आहे आणि त्याचा आद्य वर्ण ओष्ठ्यरंजित कंठ्य घोष व्यंजन, म्हणजे ओठांचा गोलावा घेऊन उच्चारलेला ‘ग’, होता. जर्मानिक शाखेत ग्रिमच्या नियमानुसार तो अघोष होऊन ‘क्व’ झाला. लॅटिनमध्ये त्याचा ‘व’ उरला व ‘विवुस’ (जिवंत) हा शब्द झाला. ग्रीकमध्ये त्याचा ‘ब’ झाला. ‘बिओस’ (जीवन) हा त्याचा नमुना. लिथुएनियनमध्ये ‘गीवास’ झाले. आणि संस्कृतात पुढील इकाराच्या सान्निध्यामुळे त्याचे तालव्यीकरण होऊन ‘जीव’ हा शब्द सिद्ध झाला. तात्पर्य, नॉर्वेतील शेतकऱ्याच्या कोठीत टांगलेले ‘क्वाइक’ आणि आपण नित्य उच्चारतो तो ‘जीव’ हे एकाच कुळातील शब्द होत.

युरोपातील किण्ववाचक इतर शब्दांशी तुलना केली म्हणजे या नावाचे वैशिष्ट्य ध्यानात येते. ‘यीस्ट’ हा शब्द उकळणे, फेसाळणे या अर्थाच्या धातूपासून आला आहे. संस्कृतातील ‘यस्’, ‘यस्यति’ ही रूपे त्याच कुळातील मानतात. इंग्रजीतील जुना ‘बार्म’ हा शब्द आणि लॅटिन ‘फेर्मेंटुम’ यांच्याही मुळाशी खळखळण्याचीच कल्पना आहे. म्हणजे ही नावे जे डोळ्यांना दिसते त्यावरून पडली. पंधराव्या शतकातील इंग्लंडात त्याला ‘गॉड-इज-गुड’ असेही म्हणत. हे नाव कृतज्ञतेतून आले. ‘क्वाइक’ हे नाव मात्र त्या पदार्थाच्या स्वरूपाविषयी काही विधान करते : हे जिवंत आहे, आणि एका ज्योतीने दुसरी ज्योत पेटवावी तसे ते पुढे चेतविता येते. लुई पाश्चर याचा बिअरविषयक ग्रंथ १८७६ साली प्रसिद्ध झाला. बव्हेरियाच्या १५१६ च्या प्रसिद्ध आज्ञापत्रात तर सातू, हॉप व पाणी एवढ्यांचाच उल्लेख असून किण्वाचे नावही नाही. अर्थात शेतकऱ्यांना सूक्ष्मजीवशास्त्र अवगत होते असा निष्कर्ष यावरून काढणे भाबडेपणाचे होईल. रूपक म्हणजे सिद्धांत नव्हे. परंतु पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणाने त्यांना योग्य रूपक सापडले होते, एवढे म्हणावयास हरकत नाही.

आपल्याकडील ‘किण्व’ हा शब्दही प्राचीन आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सुराध्यक्षाच्या प्रकरणी उडदाचा कल्क, तांदूळ आणि काही वनस्पती यांपासून किण्व तयार करण्याची कृती सांगितलेली आहे. कुटुंबवत्सल गृहस्थांना विशिष्ट कार्यप्रसंगी श्वेतसुरा करण्याची मुभाही तेथेच आहे. या वर्णनात किण्व हा कृतीने घडविण्याचा पदार्थ आहे, तर क्वाइक हा वारशाने मिळण्याचा. पहिल्यात कृती पाठ असली म्हणजे भागते. दुसऱ्यात वस्तूच हातून हाती जावी लागते.

४. साखळी कोठे तुटली

वारशाने चालणाऱ्या वस्तूचा धोका हाच, की एका पिढीने हात आखडला की ती संपते. १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल क्रिस्टियन हान्सेन याने एका पेशीपासून शुद्ध किण्व वाढविण्याची पद्धत सिद्ध केली. कारखान्यांचा तो मोठाच लाभ होता. पुढे पावासाठीचे किण्व दुकानात सहज मिळू लागले, आणि शेतघरांतील कडी व ओंडके अडगळीत जाऊ लागले.

ऱ्हास मात्र सर्वत्र सारखा झाला नाही, आणि येथेच अभ्यासकाने थांबून पाहावे. स्ट्योर्दाल भागात शेजाऱ्यांनी मिळून चालविलेल्या माल्टभट्ट्या टिकल्या. आजही तेथे आल्डरच्या लाकडाच्या धुरावर सातू वाळवितात. पण किण्व दुकानातील वापरतात. उलट व्हॉस आणि होर्निंदाल भागांत माल्ट विकतचे आले, पण क्वाइक घरचे राहिले. एकाच परंपरेचा एक दुवा एकीकडे वाचला, दुसरा दुसरीकडे. बोलींच्या अभ्यासकास हे दृश्य परिचित आहे. एका बोलीत जुनी विभक्ती टिकते व शब्दसंग्रह बदलतो. दुसरीत नेमके उलट होते. एका खोऱ्यातून नमुना घेऊन संपूर्ण रूप सांगता येत नाही.

या बाबतीत नोंदींचे मोल फार आहे. १९४६ साली स्थापन झालेल्या ‘नॉर्स्क एत्नोलॉगिस्क ग्रान्स्किंग’ या संस्थेने १९५० च्या दशकात प्रश्नावल्या पाठवून देशभरातील घरगुती बिअरची माहिती व तत्संबंधी शब्द गोळा केले. त्या सामग्रीच्या आधारे ऑड नॉर्डलँड यांचा ग्रंथ १९६९ साली प्रसिद्ध झाला. लार्स मारिउस गार्शोल यांनी पुढे गावोगाव फिरून जिवंत नमुने व माहिती जमविली. त्यांचा ग्रंथ २०२० चा आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात निरनिराळ्या शेतघरांतील क्वाइकचे नमुने तपासले गेले. ते परस्परांचे आप्त असून बिअरच्या इतर ज्ञात किण्वांहून वेगळा गट बनवितात, असे त्यात आढळले. उष्णता व मद्यार्क सोसण्याची त्यांची शक्ती आणि वाळविले असता जिवंत राहण्याचा गुण, हे त्या घरांच्या रीतीशी जुळणारे आहेत. जे वाळविण्यात टिकले तेच पुढच्या खेपेस वापरले गेले. ही निवड शतकानुशतके नकळत होत राहिली. कड्यावरचे किण्व हे अशा प्रकारे त्या घरांच्या सवयींचे लेखच होय.

५. समारोप

वरील विवेचनात दोन प्रकारचे साम्य आले आहे आणि त्यांची गल्लत होऊ नये. ‘क्वाइक’ आणि ‘जीव’ यांचे साम्य कुळाचे आहे. ते ध्वनिनियमांनी सिद्ध होते. पण दुसरे एक साम्य कल्पनेचे आहे. मराठीत आपण दिवा लावतो, रोप लावतो आणि विरजणही लावतो. या तिन्ही ठिकाणी आधीच्या अंशातून पुढची वस्तू सुरू करावयाची असते. तिकडे वात व किण्व यांना एकाच कुळातील शब्द मिळाले. इकडे तिन्ही कृतींना एक क्रियापद पुरले. या दुसऱ्या साम्यावरून नात्याचे अनुमान काढता येणार नाही. समान अनुभवातून समान भाषिक रचना उद्भवू शकते, एवढेच त्यावरून दिसते.

आपल्या विद्यार्थ्यांना यातून एक व्यवहार्य सूचना करावीशी वाटते. बोलींच्या पाहणीत आपण नात्यांची नावे, अवयवांची नावे, क्रियापदांची रूपे आस्थेने टिपतो. विरजण, आंबवण, मुरवण या क्रियांचे शब्द, त्यांची भांडी, आणि कोणी कोणाकडून काय मागून आणावे याच्या रीती बहुधा टिपावयाच्या राहून जातात. कारण त्या ‘स्वयंपाकघरातल्या’ असतात. दुकानातील तयार दह्याचा डबा आता आपल्याही घरात आला आहे. नॉर्वेतील त्या प्रश्नावल्या वेळीच गेल्या नसत्या, तर क्वाइकचे कित्येक कडे आज अर्थहीन लाकूड म्हणून संग्रहालयात पडले असते. वस्तू व शब्द यांपैकी एक जरी हाती असेल तर दुसऱ्याचा माग काढता येतो. दोन्ही गेल्यावर काढता येत नाही.