आधाराने मिळणारा विसावा

लोड, घडीची ब्लँकेटे, पट्टा, लाकडी वीट अशा साधनांवर शरीराचा भार सोपवून एकाच आसनात बराच वेळ निश्चल राहण्याच्या पद्धतीला विश्रांतिदायक योग म्हणतात; तिचा पाया मुख्यतः पुण्यात, बी. के. एस. अय्यंगार यांच्या अध्यापनातून घातला गेला आणि त्यांच्या शिष्या ज्यूडिथ लॅसेटर यांनी ती अमेरिकेत रुजवली. शवासनाने थकवा जातो व चित्ताला विसावा मिळतो, हे ‘हठप्रदीपिके’त पूर्वीच सांगितलेले असले, तरी आजारी किंवा आखडलेल्या शरीराला तो नुसत्या जमिनीवर सापडतोच असे नाही. सुप्त बद्धकोनासनात पाठीखाली लांबट लोड व डोक्याखाली घडीची चादर ठेवून तळपाय एकमेकांना जुळवतात. गुडघे अधांतरी राहिले तर मांड्यांचे स्नायू नकळत आवळलेलेच राहतात, म्हणून त्यांच्याखालीही उशी लागते, आणि नवशिके नेमकी तीच विसरतात. 10-15 मिनिटांत बहुधा श्वास संथ होतो, निःश्वास लांबतो आणि परानुकंपी चेतासंस्थेचा, म्हणजे हृदयाची गती उतरवून पचनाला वाव देणाऱ्या यंत्रणेचा, प्रभाव वाढतो. भिंतीला पाय टेकवून करायची विपरीत करणी दिसायला सोपी असली, तरी काचबिंदू असणाऱ्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.