अनुदान कशाला : घुमटाला की वायूला?

शेणापासून वायू आणि वायूपासून चूल, हा विचार भारताला नवा नाही. खादी ग्रामोद्योग आयोगाने तरंगत्या टाकीचे गोबरगॅस संयंत्र खेडोपाडी नेले. 1981-82 मध्ये राष्ट्रीय बायोगॅस विकास प्रकल्प सुरू झाला. 1984 मध्ये 'दीनबंधू' हा स्वस्त, विटांच्या घुमटाचा नमुना आला. आजवर घरगुती संयंत्रांची संख्या 50 लाखांच्या आसपास गेल्याची सरकारी नोंद आहे. परंतु उभारलेले संयंत्र आणि चालणारे संयंत्र यांत फरक असतो. अनेक गावांत कोरडे पडलेले घुमट त्याची साक्ष देतात.

याचे मूळ अर्थसाहाय्याच्या पद्धतीत आहे. अनुदान मिळते ते बांधकामाला. 2022 मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमात सर्वसाधारण राज्यांसाठी लहान संयंत्रांना आकारमानानुसार 9,800 ते 70,400 रुपये साहाय्य ठरविण्यात आले. बांधकाम संपले की सरकारचा मुख्य खर्च संपतो. शेतकऱ्याचा मात्र तेथूनच सुरू होतो. शिवाय दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे 50 किलो शेण लागते, म्हणजे दावणीला चार-पाच जनावरे हवीत. ज्याच्याकडे एकच गाय आहे, त्याच्यापर्यंत हे अनुदान पोहोचत नाही. गरजवंत बाहेर आणि सुस्थित आत, असा हा उफराटा न्याय आहे.

मोठ्या प्रकल्पांची अडचण निराळी आहे. त्याच कार्यक्रमात दररोज 4,800 किलो जैव सीएनजी देणाऱ्या नव्या प्रकल्पास 4 कोटी, आणि एका प्रकल्पास कमाल 10 कोटी रुपयांचे साहाय्य आहे. परंतु ही रक्कम प्रकल्प चालू करून दाखविल्यानंतर हाती पडत असे. 2025 मध्ये निम्मी रक्कम आधी देण्याची सोय झाली, तीही बँक हमीवर. ज्याची पत आहे त्यालाच हमी मिळते. रिझर्व्ह बँकेने 2020 मध्ये अशा प्रकल्पांची कर्जे अग्रक्रम क्षेत्रात घेतली, हे स्वागतार्हच. तथापि अग्रक्रम म्हणजे तारणातून मुक्तता नव्हे.

बँकेला हवी असते उत्पन्नाची खात्री. 2018 मध्ये 'सतत' योजनेने वायूला किलोमागे 46 रुपये भाव देऊ केला आणि 2023-24 पर्यंत 5,000 प्रकल्पांचे लक्ष्य ठेवले. ती मुदत उलटली, आणि लक्ष्य फारच दूर राहिले. कारण नुसत्या वायूच्या भावावर ताळेबंद जुळत नाही. उरलेले खत विकले गेले पाहिजे. त्यासाठी 2023 मध्ये टनामागे 1,500 रुपये साहाय्य मंजूर झाले. कच्चा मालही बारमाही मिळाला पाहिजे. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांकडे प्रेसमड आहे, पण तो गळीत हंगामात मिळतो. उरलेल्या महिन्यांसाठी साठवण हवी आणि साठवणीसाठी खेळते भांडवल हवे. नेमक्या याच भांडवलाकडे योजनांचे लक्ष कमी आहे.

यावर उपाय अगदीच दुर्लभ नाहीत. अनुदानाचा एक हिस्सा बांधकामाऐवजी प्रत्यक्ष निघालेल्या वायूशी जोडावा आणि तो काही वर्षे हप्त्याने द्यावा. गावपातळीवर दूध संस्थांनी सामाईक संयंत्र उभारावे. शेणाचे माप दुधाच्या मापाशेजारीच घ्यावे, म्हणजे एका गायीचा धनीही भागीदार होईल. लहान संस्थांच्या कर्जाला राज्याने पतहमी द्यावी. शहरी वायूत जैव वायू मिसळण्याचे बंधन 2025-26 मधील एक टक्क्यापासून 2028-29 मध्ये पाच टक्क्यांपर्यंत न्यायचे ठरले आहे. म्हणजे गिऱ्हाईक निर्माण होत आहे. हे बंधन कसोशीने पाळले गेले, तर बँकाही पुढे येतील.

अखेर सरकारी पैसा हा करदात्याचा पैसा आहे. त्याचा हिशेब किती घुमट बांधले यावर नव्हे, तर दहा वर्षांनंतर किती चुली पेटत्या आहेत यावर मांडला पाहिजे.