पाठीला पेलेल अशी दुसरी गाडी

ओहोटीची वेळ होती. गोराई जेट्टीवर पाणी खाली गेले की धक्क्याचा उतार लांबतो आणि पाण्याजवळचा भाग शेवाळाने बुळबुळीत होतो. खाडीपलीकडच्या गोराई गावात जायचे, तिथून उत्तन-भाईंदर करून हायवेने घरी परतायचे, हा इकडच्या अनेक दुचाकीस्वारांचा रविवारचा ठरलेला फेरा. आमच्या सोसायटीतले एक काका माझ्या पुढे होते. वय अठ्ठावन्न, गाडी साडेतीनशे सीसीची. उतारावर त्यांचा पाय घसरला, गाडी डावीकडे कलली आणि काकांनी ती पडू नये म्हणून सगळा जोर लावून धरली. गाडी वाचली. खांदा मात्र गेला.

तीन आठवड्यांनी ते लिफ्टमध्ये भेटले, तेव्हा हात झोळीत होता. खांद्याभोवतीच्या कंडरेला इजा झाली होती. घरात निकाल लागला होता : आता गाडी बंद. काका म्हणाले, ‘‘तीस वर्षं चालवतोय. रविवारी मित्रांबरोबर चार तास फिरलं की आठवडा चांगला जातो. ते थांबलं तर मी घरात बसून करू काय? पण हिचंही खोटं नाही. विकून टाकू का?’’

मी म्हटले, ‘‘विकू नका काका. आणखी एक घ्या. हलकी.’’

हा सल्ला गमतीचा नव्हता. पन्नाशीनंतर दुचाकी सोडावीच लागते असे नाही. मात्र कोणत्या कामाला कोणती गाडी, हा विचार तेव्हा आरोग्याचा होतो.

वजन कधी जाणवते?

चालत्या गाडीचे वजन आपल्याला पेलावे लागत नाही. वेग आला की फिरती चाके आणि हँडलची भूमिती तिला सरळ ठेवते. वजन जाणवते ते गाडी थांबलेली असताना : सिग्नलला, पार्किंगमधून मागे घेताना, खडीच्या रस्त्यावर वळवताना किंवा जेट्टीच्या उतारावर.

साधा हिशेब करू. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे अर्धा मीटर उंच आणि आपण हँडल धरतो ती जागा सुमारे एक मीटर उंच, असे धरा. १९५ किलोची गाडी ५ अंश कलली तर तिला धरायला साधारण साडेआठ किलोचा जोर पुरतो. १५ अंशांवर तो २५ किलो होतो आणि ३० अंशांवर जवळजवळ ५० किलो. गाडी १४० किलोची असेल, तर हेच आकडे ६, १८ आणि ३५ असे येतात. म्हणजे कल वाढतो तसा भार झपाट्याने वाढतो, आणि तोही क्षणार्धात, एका हातावर आणि वाकलेल्या पाठीवर येतो.

दुसऱ्या बाजूने शरीराचे गणित उलटे चाललेले असते. तिशीनंतर स्नायू दर दहा वर्षांनी साधारण ३ ते ८ टक्के कमी होत जातात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. खांद्याच्या कंडरा चाळिशीनंतर झिजू लागतात. रोजच्या कामात हे कळत नाही, पण अचानक बसलेल्या हिसक्याला त्या दाद देत नाहीत. काकांच्या बाबतीत हेच झाले.

हलकी म्हणजे किती हलकी?

आपल्याकडच्या गाड्यांत निवडीला बराच वाव आहे. रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० सुमारे १९५ किलोची, त्याच घरातली हंटर ३५० सुमारे १८० किलोची. टीव्हीएस रोनिन १६० किलोच्या आसपास, यामाहा एफझेड १३५ किलोच्या आसपास, तर हिरो स्प्लेंडर ११२ किलोची. क्लासिक आणि स्प्लेंडर यांच्यातला फरक ८० किलोंहून अधिक, म्हणजे एका धडधाकट माणसाएवढा आहे.

मग सरळ सर्वांत हलकी का घेऊ नये? कारण हलकेपणाचीही किंमत असते. गाडी जड असली की चाकाला बसलेला धक्का तिच्या अंगात जिरतो. हलकी गाडी त्याच खड्ड्यात उडते. वसई खाडीच्या पुलावर आडवा वारा सुटला की ती ढकललीही जाते. शिवाय शंभर-सव्वाशे सीसीचे इंजिन हायवेवर सतत ताणून चालवावे लागते आणि त्याची थरथर हातापायांत उतरते. शहरातल्या शहरात फिरणाऱ्याला ११०-१२० किलोची गाडी उत्तम. पण वसई किल्ला, अर्नाळा किंवा वज्रेश्वरीपर्यंत जाऊन संध्याकाळी परतायचे असेल, तर १३५ ते १६० किलो आणि दीडशे ते सव्वादोनशे सीसी हा पन्नाशीपुढच्या बहुतेकांसाठी समजूतदार मध्य आहे. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस सक्तीचे आहे. जुनी गाडी घेताना तिला ते आहे का, हे आधी विचारा.

बसण्याचा त्रिकोण

गाडीचा आराम केवळ सीटच्या गादीत नसतो. सीट, पायठेवणी आणि हँडल या तीन बिंदूंच्या त्रिकोणात तो असतो. हँडल फार पुढे असेल तर शरीराचा भार मनगटांवर येतो. पायठेवणी फार मागे आणि वर असेल तर गुडघे दुमडून दुखतात.

सर्वांत मोठा गैरसमज आहे तो पाय लांब सोडून बसायच्या क्रूझर गाड्यांबद्दल. त्यांची सीट बुटकी असते, पाय जमिनीवर सहज टेकतात, दुकानात बसल्याबरोबर आरामखुर्चीसारखे वाटते. ज्यांची उंची कमी आहे त्यांना तो फायदा खराच. पण पाय पुढे गेले की सगळा भार माकडहाडावर आणि कमरेच्या खालच्या मणक्यांवर येतो. खड्डा दिसला तरी पायांवर जोर देऊन सीटवरून किंचित उठता येत नाही. आपल्या रस्त्यांवर हे उठणे फार मोलाचे, कारण तेव्हा गुडघे स्प्रिंगचे काम करतात आणि धक्का मणक्यापर्यंत पोहोचत नाही. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा होणाऱ्या उभ्या हादऱ्यांना सर्वाधिक प्रतिसाद देतो, आणि खराब रस्त्यावरचे हादरे बरेचसे याच पट्ट्यात येतात. म्हणून पाठीची तक्रार असेल तर पायठेवणी शरीराच्या जवळपास खाली आणि पाठ ताठ राहील अशी बैठक बघावी.

इंजिनाची थरथर वेगळी. ती बारीक आणि जलद असते, हँडलमधून हातात येते. २०२१ मध्ये अ‍ॅपल कंपनीने मोटरसायकलच्या कंपनांनी आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो असा इशारा दिला होता. त्याच हँडलवर आपली बोटे तासन् तास असतात. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला रात्री मुंग्या येऊ लागल्या, तर मनगटातली नस दबत असण्याची शक्यता असते.

दुकानातली अर्ध्या तासाची परीक्षा

रंग आणि मायलेज पाहून झाले की या गोष्टी करून बघा. नेहमीचे बूट घालूनच जा.

- गाडी स्टँडवरून काढा आणि हाताने दहा पावले मागे न्या. धाप लागली किंवा कंबर ओढली गेली, तर ती गाडी तुमची नाही.
- सीटवर बसून दोन्ही पायांचे चवडे भक्कम टेकतात का बघा. एक टाच टेकली तर उत्तम.
- कुणाला तरी शेजारी उभे करून गाडी दोन्ही बाजूंना थोडी कलवा आणि परत सरळ करा.
- क्लच सलग पंचवीस वेळा दाबा. गोराईहून हायवेपर्यंतच्या सिग्नलना याहून जास्त लागतो.
- पाय मागून टाकून चढा-उतरायला कमरेचा सांधा कुरकुरतो का पाहा.
- मागे बसणाऱ्यालाही बरोबर न्या आणि दोघांनी मिळून गतिरोधकावरून चालवून बघा.

आणि तरीही गाडी पडली तर

पहिला नियम : गाडी ठरावीक कलापलीकडे गेली की सोडून द्या, आणि पाय तिच्याखालून बाजूला घ्या. आरसा आणि लिव्हर बदलता येतात, खांद्याचे तसे नसते. उचलताना इंजिन बंद करा. गाडी उजवीकडे पडली असेल, तर साइड स्टँड आधीच उघडून ठेवा. मग सीटकडे पाठ करून खाली बसा, एक हात हँडलला, दुसरा मागच्या पकडीला, पाठ सरळ, आणि छोटी पावले मागे टाकत मांड्यांच्या जोरावर उठा. समोरून वाकून, हातांनी ओढून कधीही उचलू नका. जवळ कुणी असेल तर हाक मारायला लाजू नका.

दिवसभराच्या फेरीत दर तासाला दहा मिनिटे थांबा, खांदे फिरवा, पाणी प्या. घामाने चिकचिकलेल्या दमट हवेत शरीर थंड होत नाही आणि थकवा आधी निर्णयशक्तीवर येतो, नंतर पायांत. म्हणून ऑक्टोबरच्या उन्हात सकाळी लवकर निघून अकराच्या आत परतलेले बरे. कळ कमरेतून पायात उतरत असेल, हात डोक्यावर जात नसेल किंवा बोटांच्या मुंग्या दुसऱ्या दिवशीही राहत असतील, तर गाडी बदलण्याआधी डॉक्टरांना भेटा. चाळिशीनंतर लायसन्सच्या कामासाठी डॉक्टरांकडून भरून घ्यावा लागणारा फॉर्म १-अ अनेक जण नुसती सही समजतात. डोळे, कान आणि सांधे नीट तपासून घ्यायची ती चांगली संधी असते.

काकांनी चार महिने फिजिओथेरपी नेमाने केली आणि मग दीडशे सीसीची, १४० किलोच्या आतली जुनी गाडी घेतली. मोठी विकली नाही. मित्र सोबत असले आणि रस्ता मोकळा असला की ती बाहेर निघते. रविवारचा फेरा मात्र हलक्या गाडीवर होतो, आणि परवा काकूही मागे बसून वसईला जाऊन आल्या.

गेल्या रविवारी जेट्टीवर पुन्हा ओहोटी होती. काका उताराच्या तोंडाशी गाडीवरून उतरले, गिअर टाकला, क्लच अर्धा दाबून गाडी हळूहळू खाली न्यायला लागले आणि होडीवरच्या पोराला म्हणाले, ‘‘मागून धर रे जरा.’’