गाण्याची आडत

लातूरच्या बाजारपेठेंत तुरीचें वा सोयाबीनचें पोतें घेऊन येणारा शेतकरी आडत्याच्या दुकानीं माल उतरवितो. वजन होतें, सौदा ठरतो आणि रक्कम पदरांत पाडून घेऊन तो गांवीं परततो. माल विकला गेला तरी शेत त्याचेंच राहतें. पुढील मृगांत तो पुन्हा पेरणी करतो. हा व्यवहार इतका अंगवळणी पडला आहे कीं, त्यांत कांहीं विशेष आहे असें कोणासच वाटत नाहीं. परंतु याच लातूरचा किंवा नांदेडचा एखादा गायक आपलें गाणें बाजारांत आणतो, तेव्हां त्यांतील पोतें कोणतें आणि शेत कोणतें, हेंच त्याला पुष्कळदां उमगत नाहीं. गेल्या सव्वाशें वर्षांत गाण्याच्या धंद्यांत कोणी पैसा मिळविला आणि कोणी गमावला, याचा शोध घेऊं लागल्यास बव्हंशीं याच प्रश्नापाशीं येऊन थांबावें लागतें.

गाणें ही मुळांत हवेंत विरून जाणारी वस्तु. तिला विकाऊ माल बनविलें तें यंत्रानें. एडिसननें १८७७ मध्यें फोनोग्राफ सिद्ध केला. पुढें दहा वर्षांनीं एमिल बर्लिनर यानें सपाट तबकडीची युक्ति काढली. फोनोग्राफच्या नळकांड्याच्या प्रती काढणें मोठें कष्टाचें काम होतें. उलट तबकडीचा सांचा एकदां तयार झाला कीं, तिच्या हजारों प्रती छापतां येत. ग्रंथाला जसा छापखाना, तसा गाण्याला हा सांचा लाभला. १९०२ च्या नोव्हेंबरांत ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गेसबर्गनें कलकत्त्यास गौहरजानचें गाणें मुद्रित केलें. त्या मुद्रणांच्या तबकड्या त्या वेळीं जर्मनींत हॅनोव्हर येथें छापल्या जात आणि जहाजानें परत येत. १९०८ मध्यें कलकत्त्यालाच सियालदह येथें कारखाना निघाला, तेव्हां हा वळसा संपला. तासभर ख्याल आळविणाऱ्या गवयाला तीन-साडेतीन मिनिटांत राग उभा करावा लागे, ही गोष्ट निराळीच! तरीहि किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खांसाहेबांच्या तबकड्या ऐकतांना ती अडचण होती याची आठवणहि राहत नाहीं.

तबकडीच्या या युगांत धंद्याची किल्ली कारखानदाराच्या हातीं होती. दाबयंत्र, लाखेचें मिश्रण, तज्ज्ञ कामगार यांस लागणारें भांडवल मोठें. म्हणून स्पर्धक थोडे. मुंबईस १९३५ च्या सुमारास नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीनें ‘यंग इंडिया’ या नांवानें तबकड्या काढण्याचें धाडस केलें, आणि देशी भांडवलावरहि हा उद्योग उभा राहूं शकतो हें दाखवून दिलें. नांदेड-लातूरचा प्रदेश १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत होता. तेथील श्रोता गिऱ्हाईक होता; उत्पादक होण्याची संधि त्याला या यंत्रानें दिली नाहीं.

ती संधि कॅसेटनें दिली. फिलिप्स कंपनीनें १९६३ मध्यें जगापुढें आणलेली ही इवलीशी डबी आपल्याकडे १९८० नंतरच्या दशकांत घरोघरीं पोंचली. तिची नक्कल काढणारें यंत्र एका खोलींत मावे. त्यामुळें कारखान्याची तटबंदी ढासळली. दिल्लीच्या दर्यागंजांत फळांच्या रसाचें दुकान चालविणाऱ्या घराण्यांतील गुलशनकुमार यांनीं याच डबीच्या बळावर ‘टी-सीरीज’चा प्रचंड व्यवसाय उभारला. त्या वेळच्या कायद्यांत अशी सोय होती कीं, मूळ मुद्रणास दोन वर्षें लोटल्यावर सूचना देऊन व ठराविक मानधन भरून तेंच गाणें दुसऱ्या आवाजांत पुन्हा मुद्रित करतां येई. तिचा त्यांनीं भरपूर उपयोग करून घेतला. (२०१२ पासून ही मुदत पांच वर्षांची झाली आहे.) महाराष्ट्रांत या डबीनें प्रल्हाद शिंदे, आनंद शिंदे यांच्यासारख्यांचीं भक्तिगीतें, भीमगीतें आणि लोकगीतें एस. टी. स्थानकांपासून वस्त्यांपर्यंत नेलीं. मोठ्या कंपन्यांनीं ज्या श्रोत्याकडे ढुंकूनहि पाहिलें नव्हतें, त्याच श्रोत्यानें हा बाजार चालविला. अर्थात् चोरट्या नकलांचा सुळसुळाटहि त्याच यंत्रानें केला. आणि गायकाच्या हातीं एकरकमी बिदागी ठेवून सर्व हक्क लिहून घेण्याची रीतहि याच काळांत फोफावली. शेतकऱ्यानें पोत्याबरोबर सातबाराहि आडत्याच्या हवालीं करावा, तशांतला हा प्रकार!

हा सातबारा म्हणजे काय, तें नीट पाहिलें पाहिजे. एका गाण्यांत निदान दोन मालमत्ता असतात. एक शब्द आणि चाल यांची; दुसरी त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाची. १९५७ च्या कायद्याप्रमाणें पहिलीची मुदत रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षें, आणि दुसरीची प्रकाशनापासून साठ वर्षें. मुद्रणाचा खर्च करणारा सामान्यतः दुसऱ्या मालमत्तेचा धनी होतो. पहिली त्याला लेखी करारानेंच मिळूं शकते. करारांत मुदत लिहिलेली नसेल तर हक्क पांचच वर्षांपुरता दिला असें कायदा मानतो. प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारतापुरता. २०१२ च्या दुरुस्तीनें तर कवि-संगीतकारांच्या हातीं मोठेंच शस्त्र दिलें. करार झाला त्या वेळीं अस्तित्वांत नसलेल्या किंवा व्यवहारांत न आलेल्या एखाद्या नव्या साधनासाठीं हक्क दिला असें, स्पष्ट उल्लेखावांचून, त्या दुरुस्तीनंतर मानतां येत नाहीं. तबकडीसाठीं दिलेलें गाणें कॅसेटवर, कॅसेटसाठीं दिलेलें आंतरजालावर, अशी फुकटांत चाललेली यात्रा यामुळें अडली. शिवाय रचनाकाराला मानधनांतील आपला वाटा कंपनीस कायमचा लिहून देतांच येत नाहीं. हें मानधन वसूल करून वांटण्याचें काम १९६९ मध्यें स्थापन झालेली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी करते. तींत नांव नोंदविण्याचा कंटाळा केलेला रचनाकार आपलाच वाटा हातचा घालवितो.

जुन्या मुद्रणांचें मोल किती टिकतें, याचें उदाहरण त्याच ग्रामोफोन कंपनीनें घालून दिलें. पुढें ‘सारेगामा’ असें नांव धारण केलेल्या या कंपनीनें २०१७ मध्यें पांच हजार जुनीं गाणीं भरलेला, रेडिओसारखा दिसणारा ‘कारवां’ विक्रीस काढला. गाणीं पूर्वींचीं, मुद्रणें पूर्वींचीं; नवी केवळ पेटी. लातूरजवळच्या बाभळगांवचे रितेश देशमुख यांनीं हीच गोष्ट ओळखली असावी. ३० डिसेंबर २०२२ रोजीं पडद्यावर आलेल्या त्यांच्या ‘वेड’ या चित्रपटाचें, अजय-अतुल यांनीं रचलेलें संगीत ‘देश म्युझिक’ या घरच्याच नाममुद्रेखालीं प्रसिद्ध झालें. अशा निर्णयांत जोखीम असतेच. कंपनीस संगीत विकल्यास रक्कम तत्काळ हातीं येते. स्वतःजवळ ठेवल्यास जाहिरातीचा खर्च आपला आणि उत्पन्न हप्त्याहप्त्यानें, कदाचित् दशकें लोटेपर्यंत.

हें धाडस चित्रपटनिर्मात्यालाच शक्य आहे असें मात्र नाहीं. आज नांदेडचा होतकरू गायक गांवांतच मुद्रण करून एखाद्या वितरकामार्फत आपलें गाणें यूट्यूब, स्पॉटिफाय अशा ठिकाणीं पाठवूं शकतो. हा वितरक म्हणजे खराखुरा आडत्या. कोणी वार्षिक शुल्क घेतो, कोणी उत्पन्नांतून टक्के कापतो. मालकी मागण्याचें त्याला कारण नसतें, आणि तो ती मागूं लागल्यास दुसरें दुकान पाहावें. मात्र कर्ज काढून मुद्रणांत पैसा घालण्यापूर्वीं या बाजाराचें माप समजून घेणें अगत्याचें आहे. स्पॉटिफायवर गाणें तीस सेकंदांहून कमी ऐकलें गेलें तर तें हिशेबांत धरीत नाहींत. आणि २०२४ पासून, मागील बारा महिन्यांत हजार वेळां न ऐकलेल्या गाण्याला मुद्रणाच्या मानधनांतून एक पैहि मिळत नाहीं.