खरखर नेमकी कोणाची?

गच्चीवर लांब तार ताणलेली दिसली की सोसायटीत टीव्ही, स्पीकर, वायफाय काहीही बिघडो, सगळ्यांची बोटं त्या तारेकडेच वळतात. मी स्वतः हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला आहे. तक्रार कधी खरी असते, कधी नसते. ती तपासायची एक रीत आहे आणि ती हॅमइतकीच शेजाऱ्यालाही माहीत हवी.

आधी परवान्याचं. हौशी रेडिओसाठी भारतात स्वतंत्र नियम आहेत. परवाना केंद्राच्या दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा देते आणि वयाच्या बाराव्या वर्षापासून परीक्षेला बसता येतं. परीक्षेत रेडिओचं तंत्र आणि नियम दोन्ही विचारतात. ‘व्हीयू’ने सुरू होणारी कॉल साइन मिळाली की हवेत बोलता येतं, पण धंद्याचे निरोप, गाणी किंवा गुप्त भाषा चालत नाही. कधी, कोणत्या वारंवारतेवर, कोणाशी बोललो, हे लॉगबुकात लिहावं लागतं. नवशिक्यांना ते लिहिणं जाचाचं वाटतं. तक्रार आली की मात्र साक्षीला तेच उभं राहतं.

समजा, शेजारच्या काकू म्हणाल्या, “रात्री आमच्या होम थिएटरमधून कोणीतरी घोगरं बोलतं.” पहिला प्रश्न विचारायचा वेळेचा. ती वेळ लॉगबुकाशी जुळली नाही, तर उगम दुसरीकडे आहे. जुळली, तर एकाने ट्रान्समीटरपाशी बसायचं, दुसऱ्याने काकूंच्या घरी, आणि फोनवर बोलत चाचणी घ्यायची.

आता आवाज कमी करायचं बटण पूर्ण खाली फिरवा. तरीही बोलणं तेवढंच ऐकू येत असेल, तर लहर त्या बटणाच्या पुढे, बहुधा स्पीकरच्या लांब वायरींतून शिरते आहे. त्या वायरी नकळत अँटेनाचं काम करतात आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या आतले सुटे भाग रेडिओलहरीचा आवाज करून टाकतात. इथे ट्रान्समीटर निर्दोष असू शकतो. अ‍ॅम्प्लिफायरजवळ वायरीचे पाच-सहा वेढे फेराइटच्या कड्यात घातले की बहुतेकदा प्रश्न सुटतो.

दोष खरोखर हॅमचा असतो, तो बहुधा पटींचा. ट्रान्समीटर मूळ वारंवारतेबरोबर तिची दुप्पट, तिप्पटही थोडी बाहेर टाकतो. २९.५ मेगाहर्ट्झची तिप्पट ८८.५, म्हणजे थेट एफएमच्या पट्ट्यात. दूरदर्शन जेव्हा ४७ ते ६८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात दिसायचं, तेव्हा २१.२ ची तिप्पट ६३.६ तिथे जाऊन पडे. यावर उपाय ट्रान्समीटरच्या बाजूलाच, लो-पास फिल्टर बसवून करायचा. तो बसेपर्यंत त्या पट्ट्यावर बोलणं बंद ठेवायचं. यात वाद घालायला जागा नाही.

उलटा त्रासही असतो, आणि आज तोच जास्त. स्वस्त एलईडी दिवे, चार्जर, सोलरचे इन्व्हर्टर यांच्या खरखरीत दूरचं स्टेशन बुडून जातं. बॅटरीवरचा रेडिओ लावा आणि घराचा मेन स्विच बंद करा. खरखर थांबली, तर चोर घरातच आहे. एकेक एमसीबी चालू करत त्याला गाठा. थांबली नाही, तर तोच रेडिओ हातात घेऊन गल्लीत फिरा. एखाद्या खांबाजवळ खरखर वाढली, तर खांबाचा क्रमांक वीज कंपनीला कळवा. खांबाला हात लावू नका.

कोणी मुद्दाम व्यत्यय आणत असेल, तर प्रकरण वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशनकडे जातं. लहर कुठून येते याची दिशा शोधणारी यंत्रं त्यांच्याकडे असतात. उपग्रहांच्या लहरींवर नजर ठेवणारं त्यांचं केंद्र तर आपल्या जालन्यातच आहे. पण तक्रारीत तारीख, वेळ, वारंवारता आणि आवाजाचं वर्णन हवं. “फार त्रास होतो” एवढ्यावर कोणालाही शोध घेता येत नाही.

काकूंच्या स्पीकरचा दोष ट्रान्समीटरचा नसला, तरी फेराइटचं कडं हॅमनेच घेऊन जावं, असं माझं ठाम मत आहे. हवेत बोलायचा परवाना सरकार देतं, पण तार बांधायला गच्ची शेजारी देतात. आणि शेजाऱ्यांना एवढीच विनंती: स्पीकरमधून आवाज आला, तर सेक्रेटरीकडे अर्ज देण्याआधी तीन दिवस वेळा कागदावर टिपा आणि तो कागद घेऊन हॅमच्या दारावरची घंटा वाजवा.